वेल्डिंग इन्स्पेक्टरचे प्रमाणपत्र: पैसे भरण्यापूर्वी मांडायचा हिशेब

तळोजा, रबाळे, अंबरनाथ, तारापूर या पट्ट्यातील फॅब्रिकेशन शॉपमध्ये, म्हणजे पोलाद कापून-जोडून ढाचे आणि उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांत, क्यूसीचे (गुणवत्ता तपासणीचे) काम करणाऱ्या तरुणांना एक प्रश्न कधी ना कधी पडतोच: वेल्डिंग इन्स्पेक्टरचे सीडब्ल्यूआय हे अमेरिकन प्रमाणपत्र करावे, सीएसडब्ल्यूआयपी हे ब्रिटिश करावे, की आहे त्या पगारावर अनुभव वाढवत राहावे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर शोधले जाते. शॉपमधला कुणी सहकारी प्रमाणपत्र घेऊन आखातात गेलेला असतो, तर दुसरा तेच प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवून जुन्याच पगारावर काम करीत असतो. दोघांची उदाहरणे खरी असतात, पण त्यांच्यावरून तुमचा निर्णय होत नाही. हा लेख तो निर्णय टप्प्याटप्प्याने, कागदावर आकडे मांडून कसा घ्यावा यासंबंधी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: या प्रमाणपत्राची किंमत परीक्षा घेणारी संस्था ठरवीत नाही आणि क्लासवालाही ठरवीत नाही. तुम्हाला ज्या कामावर जायचे आहे त्या कामाच्या करारात ते नाव घेऊन मागितलेले आहे की नाही, यावर ती ठरते.

पहिली पायरी: कोणते प्रमाणपत्र कशासाठी आहे, हे वेगळे करा

सीडब्ल्यूआय हे अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचे प्रमाणपत्र असून ही योजना १९७६ पासून चालू आहे. परीक्षेचे तीन भाग असतात. पहिला भाग वेल्डिंगच्या मूलभूत ज्ञानाचा, १५० प्रश्नांचा. दुसरा प्रात्यक्षिकाचा, ४६ प्रश्नांचा, ज्यात वेल्डच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती आणि गेज हातात घेऊन मोजमाप करावे लागते. आणि तिसरा कोडचे, म्हणजे वेल्डिंगच्या मान्य नियमांचे, पुस्तक समोर उघडे ठेवून सोडवायचा. तिन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान ७२ टक्के मिळवावे लागतात, म्हणजे एका भागातले जास्तीचे गुण दुसऱ्या भागाला उपयोगी पडत नाहीत. तिसऱ्या भागासाठी कोड आपण निवडायचा असतो, आणि पुष्कळ जण पाइपलाइनचा एपीआय ११०४ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा कोड) केवळ पुस्तक पातळ आहे म्हणून निवडतात. ज्याचे रोजचे काम स्ट्रक्चरल फॅब्रिकेशनचे आहे त्याने डी १.१ हा पोलादी स्ट्रक्चरचा कोड सोडून एपीआय ११०४ घेणे मला पटत नाही, कारण मुलाखतीत प्रश्न तुमच्या कामावरच येणार असतात.

सीएसडब्ल्यूआयपी ही ब्रिटनमधील टीडब्ल्यूआय या संस्थेशी निगडित योजना आहे. तिच्यात ३.० हा दृश्य तपासणीचा, ३.१ हा वेल्डिंग इन्स्पेक्टरचा आणि ३.२ हा सीनियर वेल्डिंग इन्स्पेक्टरचा स्तर आहे. ३.१ च्या परीक्षेत प्लेट आणि पाइपचा जोड प्रत्यक्ष तपासून, दोषांची जागा आणि मापे आकृतीत मांडून अहवाल लिहावा लागतो. ज्याला बहुपर्यायी प्रश्नांपेक्षा हातातल्या जॉबवर जास्त भरवसा आहे, त्याला ही पद्धत मानवते.

या दोहोंच्या शेजारी काही नावे नेहमी घेतली जातात आणि त्यांची सरमिसळ होते. एपीआय ५१०, ५७० आणि ६५३ ही अनुक्रमे प्रेशर व्हेसल (दाबाखालची पात्रे), पाइपिंग आणि साठवण टाक्या यांच्या चालू स्थितीतील तपासणीची प्रमाणपत्रे आहेत. ती नव्या फॅब्रिकेशनची नाहीत. ज्याचे काम माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये किंवा उरणच्या प्रकल्पात शटडाउनच्या वेळी जुनी उपकरणे उघडून पाहण्याचे आहे, त्याला सीडब्ल्यूआयपेक्षा यांचा उपयोग जास्त आहे. एएसएमईचा, म्हणजे अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा, प्रेशर व्हेसलसाठीचा यू स्टॅम्प असलेल्या शॉपमध्ये जो ऑथराइज्ड इन्स्पेक्टर सही करतो तोही वेगळा. सीडब्ल्यूआय घेतल्याने ते अधिकार मिळत नाहीत. बॉयलरच्या कामात इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सची स्वतःची तपासणी यंत्रणा आहे, आणि तिथे परदेशी प्रमाणपत्र कायदेशीर सहीची जागा घेऊ शकत नाही.

एनडीटी, म्हणजे जोड न मोडता दोष शोधण्याची तपासणी, तिच्या लेव्हल टू (दुसऱ्या स्तराच्या) प्रमाणपत्राबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण मुंबईत सर्वांत जास्त पैसे तिथे वाया जातात. आरटी (रेडिओग्राफी), यूटी (अल्ट्रासॉनिक), एमटी (चुंबकीय कण), पीटी (पेनिट्रंट द्रव), व्हीटी (दृश्य तपासणी) अशा पाच पद्धतींचे एकत्रित कोर्स थोड्या दिवसांत करून देणाऱ्या जाहिराती सर्वत्र दिसतात. त्यांवर एसएनटी-टीसी-१ए असे, म्हणजे एनडीटी करणाऱ्यांच्या पात्रतेविषयीच्या एका अमेरिकन दस्तऐवजाचे नाव, लिहिलेले असते. या दस्तऐवजाची मूळ कल्पना अशी आहे की प्रमाणित करण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते: कंपनीने आपली लेखी पद्धत ठरवायची, प्रशिक्षणाचे आणि प्रत्यक्ष अनुभवाचे तास पाहायचे, परीक्षा घ्यायची किंवा मान्य करायची, आणि मग त्या माणसाला आपल्या कामापुरते प्रमाणित करायचे. त्यामुळे क्लासने दिलेला कागद हा प्रशिक्षण आणि परीक्षेचा पुरावा असतो. नवी कंपनी तो तसाच मान्य करील, असे गृहीत धरू नये. शिवाय रेडिओग्राफीचा किरणोत्सारी स्रोत हाताळण्यासाठी अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण लागते, आणि लेव्हल टूच्या कागदाने ती अट भागत नाही. तरीही नवख्या माणसासाठी पीटी आणि व्हीटीपासून सुरुवात करणे हा कमी खर्चाचा आणि लगेच उपयोगी पडणारा मार्ग आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी पायरी: पात्रता स्वतः वाचा, क्लासवर सोडू नका

सीडब्ल्यूआयसाठी शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवाराला वेल्डिंगशी निगडित कामाचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. तंत्रशिक्षणाची पदविका किंवा अभियांत्रिकीची पदवी असल्यास ही अट शिथिल होते. अनुभव कमी पडत असेल तर सहायक स्तराचे, म्हणजे सीएडब्ल्यूआयचे, प्रमाणपत्र मिळू शकते, पण ते घेऊन स्वतंत्रपणे सही करण्याचे काम मिळेल असे समजू नये. सीएसडब्ल्यूआयपी ३.१ साठी तपासणीच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव, किंवा ३.० चे प्रमाणपत्र घेऊन दोन वर्षांचे काम, किंवा वेल्डिंग फोरमन, सुपरवायझर अथवा प्रशिक्षक म्हणून पाच वर्षे, अशा वाटा आहेत. एपीआयच्या परीक्षांनाही शिक्षणाप्रमाणे अनुभवाच्या अटी बदलतात.

येथे अडचण कागदाची येते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान शॉपमध्ये माणूस चार वर्षे काम करतो, त्याचा पगार काही काळ रोखीने, काही काळ कंत्राटदाराच्या नावावर होतो, आणि अनुभवपत्रावर पदनाम ‘हेल्पर’ किंवा ‘सुपरवायझर’ एवढेच असते. परीक्षेच्या अर्जावर मात्र तुम्ही वेल्डिंगशी संबंधित नेमके काय काम केले, हे मालकाच्या किंवा वरिष्ठाच्या सहीने सांगावे लागते. म्हणून फी भरण्यापूर्वी प्रत्येक जुन्या कंपनीकडून फिट-अप (वेल्डिंगपूर्वीची जुळणी) तपासणी, डब्ल्यूपीएसप्रमाणे (वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीप्रमाणे) वेल्डिंगवर देखरेख, दृश्य तपासणी, एनडीटीचे समन्वयन अशा कामांचा उल्लेख असलेले पत्र मिळवावे. हे पत्र मिळत नसेल तर बाकीचा हिशेब पुढे नेण्यात अर्थ नाही. अनुभव फुगवून लिहून देणारेही भेटतात. परंतु प्रमाणपत्र रद्द होण्याची टांगती तलवार डोक्यावर ठेवून नोकरी करण्याइतका फायदा या व्यवहारात नाही.

दृष्टीची चाचणी लोक शेवटच्या आठवड्यात करतात, ती आधी करावी. सीडब्ल्यूआयसाठी जवळचे वाचन जेगर तक्त्यावरील जे-२ मापाच्या अक्षरांचे, किमान १२ इंच अंतरावरून करता यावे लागते; चष्मा चालतो. सीएसडब्ल्यूआयपीमध्ये रंग ओळखण्याची क्षमताही पाहिली जाते. ही चाचणी कोणत्याही चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे होते आणि तिचा खर्च किरकोळ आहे.

तिसरी पायरी: मागणी कुठे आहे, ते करारात शोधा

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि तोच बहुतेक जण गाळतात. तुमच्या शॉपमध्ये सध्या चालू असलेल्या कामाची खरेदी ऑर्डर, तिच्यासोबत आलेले क्लायंटचे तांत्रिक स्पेसिफिकेशन आणि मंजूर झालेला आयटीपी, म्हणजे तपासणीचा आराखडा, हे तीन कागद काढा. त्यांत ‘इन्स्पेक्शन पर्सोनेल’ किंवा तत्सम परिच्छेदाखाली वेल्डिंग इन्स्पेक्टरची पात्रता काय मागितली आहे, ते शब्दशः वहीत उतरवा. मागील दोन-तीन मोठ्या ऑर्डरींचे कागद मिळाले तर तेही पाहा. तुमच्या वहीत जे दिसेल ते साधारणपणे पुढील चार प्रकारांत मोडेल.

एक: काहीच मागितलेले नाही, फक्त ‘अनुभवी क्यूसी’ एवढाच उल्लेख आहे. आयएस २०६२ पोलादाचे शेड, प्लॅटफॉर्म, शिड्या, लहान टाक्या अशा कामांत हेच दिसते. येथे प्रमाणपत्र घेऊन पगार वाढवून मागितला, तर मालक तुमचे कौतुक करील आणि पुढच्या दिवाळीला पाहू म्हणेल.

दोन: ज्या क्षेत्राची स्वतःची मान्यता-पद्धत आहे. रेल्वेच्या पुलांच्या गर्डरना आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेची तपासणी असते. जहाजबांधणीत क्लासिफिकेशन सोसायटीचे (जहाजांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे) नियम आणि तिचे सर्व्हेअर असतात, आणि अशी भारतीय संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, तर मुंबईतच पवईला आहे. माझगावच्या गोदीत किंवा तिच्या उपकंत्राटदारांकडे काम करणाऱ्याने आधी त्या कामाचे नियम वाचावेत. तिथे सीडब्ल्यूआय उपयोगी असू शकते, पण ते आवश्यक आहे का हे टेंडरच सांगेल.

तीन: ‘सीडब्ल्यूआय किंवा सीएसडब्ल्यूआयपी ३.१ किंवा समतुल्य’ असा उल्लेख. तेल आणि वायूची पाइपलाइन, रिफायनरीचे पाइपिंग, समुद्रातील प्लॅटफॉर्मचे स्ट्रक्चर, निर्यातीची उपकरणे आणि आखातातील प्रकल्प यांच्या कागदांत हे वाक्य वारंवार येते. ‘समतुल्य’ हा शब्द असेल तर कुणाचे प्रमाणपत्र समतुल्य मानले जाते, हे क्लायंटच्या क्यूए (गुणवत्ता हमी) विभागाला लेखी विचारता येते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगमार्फत मिळणारी आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेची इन्स्पेक्टर पातळीची पदविका हा असाच एक पर्याय आहे. युरोपशी संबंधित कामांत तिला मान असतो, पण आखातातील सर्व क्लायंट ती तितक्याच सहजपणे स्वीकारतील असे नाही.

चार: थर्ड पार्टी इन्स्पेक्शनच्या, म्हणजे क्लायंटच्या वतीने त्रयस्थ तपासणी करणाऱ्या, कंपन्या. मुंबईत ब्युरो व्हेरिटास, टीयूव्ही, लॉइड्स, डीएनव्ही, एसजीएस अशा संस्थांसाठी पुष्कळ इन्स्पेक्टर मॅन-डेच्या दराने, म्हणजे कामाच्या दिवसागणिक पैसे घेऊन, काम करतात. या कंपन्या माणसाचा सीव्ही क्लायंटकडे मंजुरीसाठी पाठवतात, आणि सीव्हीच्या पहिल्या पानावर चालू मुदतीचे प्रमाणपत्र नसेल तर तो बऱ्याचदा तिथेच अडतो. तुमची पुढची नोकरी या गटात असण्याची खरी शक्यता असेल, तर प्रमाणपत्राचा विचार गंभीरपणे करावा. मात्र मॅन-डेच्या कामात महिन्याला किती दिवस मिळतील हे निश्चित नसते. दर पाहून हुरळून जाण्यापूर्वी त्या कंपनीकडे आधीपासून काम करणाऱ्या दोघा-तिघांना मागील सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती दिवस मिळाले, ते विचारावे.

याच टप्प्यावर नोकरीच्या जाहिराती गोळा कराव्यात. मुंबई, नवी मुंबई आणि आखातातील अशा किमान २० जाहिराती काढून प्रत्येकीत पुढील गोष्टी टिपाव्यात: प्रमाणपत्र अनिवार्य आहे की ‘असल्यास प्राधान्य’, अनुभव किती वर्षांचा, आणि कोणत्या क्षेत्राचा. बहुधा असे दिसेल की जिथे प्रमाणपत्र अनिवार्य आहे तिथे तेल-वायू क्षेत्राचा काही वर्षांचा अनुभवही अनिवार्य आहे. तुमच्याकडे तो अनुभव नसेल तर आधी पगार थोडा कमी घेऊन का होईना, पाइपिंग किंवा प्रेशर व्हेसलच्या शॉपमध्ये जाणे हा प्रमाणपत्रापेक्षा चांगला खर्च आहे.

चौथी पायरी: खर्च पूर्ण लिहा

परीक्षेची फी हा खर्चाचा एक भाग आहे. सीडब्ल्यूआयची फी डॉलरमध्ये भरायची असते आणि ती हजार डॉलरच्या वर जाते. त्यावर तुमच्या बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आणि त्या शुल्कावरील जीएसटी लागतो. ताजी फी संस्थेच्या संकेतस्थळावरूनच पाहावी, क्लासच्या माहितीपत्रकावरून नव्हे. त्यानंतर पुढील बाबी लिहाव्यात: प्रशिक्षणाची फी, कोडच्या पुस्तकाच्या अधिकृत प्रतीची किंमत, गेजचा संच, परीक्षेच्या शहरापर्यंतचा प्रवास आणि मुक्काम, बिनपगारी रजेचे दिवस, आणि एका भागात नापास झाल्यास त्या भागाच्या फेरपरीक्षेची फी. शेवटची बाब लिहायला हात धजावत नाही, पण ती लिहावीच.

नूतनीकरण हा खर्च लोक सर्वांत जास्त विसरतात. सीडब्ल्यूआयची मुदत तीन वर्षांची असते. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी नूतनीकरण, आणि नवव्या वर्षी पुनर्प्रमाणन, ज्यासाठी ८० तासांचे व्यावसायिक शिक्षण दाखवण्याचा किंवा पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय असतो. सीएसडब्ल्यूआयपीची मुदत पाच वर्षांची असून दहाव्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. दोन्हीकडे तुम्ही मधल्या काळात याच क्षेत्रात काम करीत होता हे दाखवावे लागते. म्हणजे प्रमाणपत्र घेऊन दोन-तीन वर्षे वेगळ्याच कामावर राहिलात, तर भरलेले पैसे हळूहळू निरुपयोगी होत जातात. दोहोंची तुलना करताना फीची फीशी तुलना न करता, एका वर्षाला किती खर्च पडतो याची तुलना करावी.

पाचवी पायरी: परतफेडीचा हिशेब

आता एक उदाहरण मांडू. यातील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतलेले आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे घालावेत. समजा, सर्व बाबी धरून खर्च १,६०,००० रुपये येतो. सध्याचा पगार महिना ३५,००० आहे आणि प्रमाणपत्रानंतर ४५,००० मिळेल अशी अपेक्षा आहे. फरक दहा हजारांचा, म्हणजे १६ महिन्यांत खर्च वसूल आणि तीन वर्षांच्या मुदतीतील उरलेल्या २० महिन्यांत दोन लाखांचा लाभ. क्लासमध्ये फळ्यावर मांडला जातो तो हिशेब हाच.

परंतु नवी नोकरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी मिळत नाही. शोधण्यात सहा महिने गेले असे धरले तर ३६ पैकी ३० महिने उरतात, आणि दहा हजारांच्या दराने ते तीन लाख होतात. पुढे, पहिल्याच प्रयत्नात पास होऊन नंतर पगारवाढीची नोकरीही मिळेल याची शक्यता तुम्ही प्रामाणिकपणे निम्मी धरलीत, तर अपेक्षित लाभ दीड लाखाचा उरतो, जो खर्चापेक्षा दहा हजारांनी कमी आहे. शक्यतेचा आकडा सत्तर टक्के धरला तर लाभ २,१०,००० होतो आणि व्यवहार फायद्याचा ठरतो. थोडक्यात, निर्णय फीच्या रकमेवर तितकासा अवलंबून नसून या एका शक्यतेच्या आकड्यावर अवलंबून आहे, आणि तो आकडा तिसऱ्या पायरीतल्या वहीवरूनच काढता येतो. ज्याच्या वहीत तिसऱ्या-चौथ्या प्रकारच्या नोंदी भरपूर आहेत आणि त्या जाहिरातींतील अनुभवाची अटही तो पूर्ण करतो, त्याने सत्तर टक्के धरण्यास हरकत नाही. ज्याच्या वहीत पहिला प्रकारच भरलेला आहे, त्याने तीस टक्के धरून पाहावे आणि मग क्लासला फोन करावा.

कंपनी अर्धी फी देत असेल तर हा हिशेब पूर्ण बदलतो, कारण जोखीम बरीच कमी होते. अशा वेळी बॉण्ड नीट वाचावा: दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास संपूर्ण रक्कम परत करायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि परीक्षेत नापास झाल्यास खर्च कुणाचा. या दोन गोष्टी पत्रात लिहून घेणे मालकालाही सहसा जड जात नाही, फक्त विचारावे लागते.

कर्ज काढून परीक्षा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हप्ता निकालाची वाट पाहत नाही, आणि हप्त्याच्या ओझ्याखाली माणूस मिळेल ती पहिली नोकरी घेतो. त्यामुळे पगारातला जो फरक मिळवण्यासाठी हा खटाटोप केला, तोच हातचा जातो.

सहावी पायरी: तयारी आहे का, ते जॉबवर तपासा

क्लासला जाण्यापूर्वी स्वतःची एक चाचणी शॉपमध्येच घेता येते. एका बट जोडाच्या (समोरासमोर जोडलेल्या प्लेटांच्या) कडेला ०.९ मिलिमीटर खोलीचा अंडरकट, म्हणजे वेल्डच्या काठाशी पडलेली खाच, आहे आणि प्लेटची जाडी १२ मिलिमीटर आहे, असे समजा. हा स्वीकारायचा की रिपेअरला पाठवायचा? डी १.१ प्रमाणे स्थिर भाराच्या स्ट्रक्चरमध्ये २५ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीला १ मिलिमीटरपर्यंतचा अंडरकट चालतो, म्हणून तो स्वीकारार्ह आहे. त्याच कोडमध्ये सांधा वारंवार बदलत्या भाराखालच्या मुख्य सदस्याचा असेल आणि वेल्ड ताणाच्या आडव्या दिशेला असेल, तर मर्यादा ०.२५ मिलिमीटरवर येते आणि तोच अंडरकट नापास होतो. तितक्याच जाडीची पाइपलाइन असून एपीआय ११०४ लागू असेल, तर ०.८ मिलिमीटरपेक्षा खोल अंडरकट लांबी कितीही कमी असली तरी चालत नाही. दोष तोच आणि गेजवरचा आकडाही तोच असताना निकाल वेगवेगळे का आले, हे ज्याला पुस्तक उघडून पाच मिनिटांत दाखवता येते, त्याची कोडच्या भागाची तयारी बऱ्यापैकी झालेली आहे. ज्याचे उत्तर ‘आमच्याकडे एवढा चालतो’ असे येते, त्याने आधी सहा महिने कोड वाचण्यात घालवावेत. तो अभ्यास जवळजवळ फुकट आहे.

दुसरी चाचणी इलेक्ट्रोडच्या (वेल्डिंगच्या कांड्यांच्या) ओव्हनची. मुंबईच्या पावसाळ्यात ई ७०१८ इलेक्ट्रोडचे पाकीट उघडे राहिले की त्याचे आवरण हवेतील ओलावा ओढून घेते. त्या ओलाव्यातील हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि जाड किंवा कठीण पोलादात जोड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीही, भेग पडू शकते. डी १.१ मध्ये अशा इलेक्ट्रोडना २६० ते ४३० अंश सेल्सिअस तापमानात किमान दोन तास भाजण्याची आणि नंतर किमान १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या शॉपमधील ओव्हनचा तापमापक खरोखर चालतो का, वेल्डरकडच्या कॅनमध्ये इलेक्ट्रोड किती वेळ बाहेर आहेत याची नोंद कुणी ठेवते का, आणि ज्या वेल्डरने ती प्रक्रिया सहा महिने वापरलेली नाही त्याची पात्रता एएसएमई सेक्शन ९ या वेल्डिंग पात्रतेच्या कोडप्रमाणे संपलेली असूनही तो जॉबवर उभा आहे का, या तीन गोष्टी आठवडाभर पाहा आणि वहीत लिहा. ही सवय मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा लवकर दिसून येते. क्लायंटचा माणूस ‘डब्ल्यूपीएस आणि पीक्यूआर (ती कार्यपद्धती चाचणीत उतरल्याची नोंद) यांत फरक काय’ एवढे विचारून थांबत नाही. तो एक डब्ल्यूपीएस समोर ठेवतो आणि यात कोणता बदल झाला तर नवे पीक्यूआर लागेल, असे विचारतो.

सातवी पायरी: क्लास आणि एजंट

‘शंभर टक्के पास’ किंवा ‘नोकरीची हमी’ असे लिहून देणाऱ्या क्लासपासून लांब राहावे. चांगला क्लास ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: शिकवणाऱ्याचे स्वतःचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे आहे का, प्रात्यक्षिकासाठी खरे नमुने आणि गेज प्रत्येकाच्या हातात मिळतात का, आणि मागील बॅचमधील दोन माणसांशी बोलू देतात का. प्रमाणपत्राचा क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो, आणि शिक्षकाचा क्रमांक पडताळणे यात कसलाही संकोच करण्याचे कारण नाही. क्लास बहुधा पावसाळ्यात करावा. त्या काळात उघड्यावरची साइटची कामे मंदावतात आणि रजा मिळणे सोपे जाते.

प्रमाणपत्राच्या जोरावर आखातात पाठवतो म्हणणारा एजंट भेटला, तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदणीकृत आहे का, हे पाहावे. नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढीच कमाल रक्कम घेता येते, आणि तिची पावती द्यावी लागते. व्हिसाच्या नावाने यापेक्षा मोठी रोख रक्कम मागितली गेली, तर तो खर्च तुमच्या परतफेडीच्या हिशेबात बसत नाही, आणि बसवूही नये. हेही लक्षात ठेवावे की आखातातील मोठे क्लायंट प्रमाणपत्र असूनही स्वतःची मुलाखत किंवा चाचणी घेतात, आणि तीत नापास झालेल्या इन्स्पेक्टरला कंत्राटदार परत पाठवू शकतो. म्हणून करारात परतीच्या तिकिटाचा खर्च कुणाचा, ते लिहून घ्यावे.

आठवी पायरी: घ्यायचे ठरले तर

कोणते आधी, याचे उत्तर वहीतच असते. ज्या दिशेच्या जाहिराती जास्त, ते आधी. दोन्ही समसमान आढळल्यास ज्याचा वार्षिक खर्च कमी पडतो ते आधी. एकाच वर्षात दोन्ही प्रमाणपत्रे घेण्याची सध्या जी पद्धत पडली आहे, तिचा फायदा मला दिसत नाही. एका जागेसाठी दोन नावे मागितल्याचे क्वचितच आढळते, आणि त्याच पैशांत एखादी यूटीसारखी एनडीटीची पद्धत किंवा एपीआय ५७० करता येते, ज्यामुळे कामाचा पल्ला वाढतो. ज्याचे वय पंचेचाळीसच्या पुढे आहे आणि ज्याच्याकडे वीस वर्षांचा अनुभव आहे, त्याने वर्षाचा नव्हे, तर उरलेल्या नोकरीच्या काळाचा हिशेब मांडावा. त्याला मिळणारी पगारवाढ लहान असली तरी मॅन-डेच्या कामासाठी सीव्ही मंजूर होणे हे मोठे उत्पन्न ठरू शकते.

अर्ज करताना पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच भरावे. आडनाव आणि वडिलांचे नाव यांची अदलाबदल झाली की पुढे व्हिसाच्या वेळी महिनाभर हेलपाटे घालावे लागतात. निकाल लागल्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक संकेतस्थळावर दिसू लागला का ते पाहावे, सीव्हीमध्ये क्रमांकासोबत मुदत संपण्याची तारीख लिहावी, आणि त्या तारखेच्या सहा महिने आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवावी. केलेल्या प्रत्येक कामाचा प्रकल्प, लागू असलेला कोड, पोलादाचा प्रकार, जाडी आणि तपासलेल्या जोडांचा प्रकार यांची नोंद त्याच वहीत महिन्याच्या महिन्याला करावी, आणि दर सहा महिन्यांनी तिच्यावर वरिष्ठांची सही घ्यावी. नूतनीकरणाच्या अर्जाला हीच नोंद लागते आणि ती मागाहून आठवून लिहिता येत नाही.